सगळ्या चर्चमध्ये एकच गाणी का वाजायला लागली? स्टेज, लाइट आणि 'आशीर्वादा'च्या नव्या पद्धतीबद्दल सरळ भाषेत

"तुमच्या चर्चमध्ये आता ड्रम आणि रंगीत लाइट कसे काय आले?" हा प्रश्न मला आजकाल फार विचारला जातो. विचारणारे बहुतेक हिंदू आणि मुस्लिम शेजारीच असतात. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं नाताळच्या रात्री चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसायची, त्यांना आठवतात त्या पांढऱ्या भिंती, लाकडी बाक आणि हळू आवाजातली प्रार्थना, आणि आता पोरांच्या मोबाइलवर दिसतो तो काळोख केलेला हॉल, धुराचं मशीन, स्टेजवर फाटकी जीन्स घातलेला पास्टर आणि हात वर करून डोळे मिटून गाणारी गर्दी. हे दोन्ही ख्रिस्तीच का, असं ते विचारतात. खरं सांगायचं तर आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसंही गोंधळलेली आहेत, फक्त ती मोठ्यानं बोलत नाहीत कारण बोललं की "तुम्ही जुन्या विचारांचे" असा शिक्का बसतो.

मी साताऱ्यात वाढले, लग्न होऊन मिरजेत आले. बायबल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खरं मानते, त्यामुळे माझी बाजू कुठली हे आधीच सांगून टाकते. पण "पूर्वीचं बरं होतं" एवढं म्हणून काही उपयोग नाही. ही पद्धत कुठून आली, तिच्यामागे पैसा कसा फिरतो आणि गाता गाता माणसाला काय शिकवलं जातं, हे कळलं तरच मत बनवता येतं.

आधी आमच्याकडे काय होतं

रविवारच्या सामूहिक भक्तीला आम्ही उपासना म्हणतो. तिचा क्रम ठरलेला असतो. प्रार्थना, पापांची कबुली, शास्त्रवाचन, गीतं, पाळकसाहेबांचा उपदेश, दानार्पण, आणि ठराविक रविवारी प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेऊन येशूच्या मरणाची आठवण. यात कुणी गर्दीला खूश करायचं नसतं, कारण ऐकणारा देव आहे, गर्दी नाही.

आपल्या भागात हे आलं ते मिशनऱ्यांबरोबर. सातारा, वाई, महाबळेश्वर बाजूला अमेरिकन मराठी मिशन होतं, सांगली, मिरज, कोल्हापूर बाजूला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं, ते आजही सगळे मिशन हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात. गीतं दोन प्रकारची असायची. काही इंग्रजी गीतांची भाषांतरं, ऑर्गनवर, त्याच चालीत. आणि दुसरी आपली भजनं, अभंग, पदं, पेटी आणि टाळावर.

या दुसऱ्या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, आणि आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र राहावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबारातलं सगळंच मला पटतं असं नाही, बाप्तिस्म्याच्या बाबतीत मी ठाम जुनी आहे. पण त्यांची भजनं आमच्या घरात रोज संध्याकाळी व्हायची आणि देवासमोर मराठी माणूस कसा रडतो, कसा भांडतो, कसा शरण जातो हे मी उपदेशाच्याही आधी त्या भजनांतून शिकले.

मग हे स्टेज आलं कुठून

साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हिप्पी पोरांमध्ये येशूकडे वळण्याची एक लाट आली. ड्रग्ज सोडून आलेली ही मुलं गिटार घेऊनच चर्चमध्ये शिरली, आणि कॅल्व्हरी चॅपल नावाच्या चर्चचे पाळक चक स्मिथ यांनी त्यांना आत घेतलं, केस कापून या, बूट घालून या असं म्हटलं नाही. मला यात काहीही चूक दिसत नाही, उलट आपल्या किती मंडळ्यांनी असं केलं असतं हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्यातून साधी, गिटारवर म्हणायची नवी गाणी निघाली.

वळण बदललं ते पुढं. १९७५ मध्ये शिकागोजवळ विलो क्रीक नावाचं चर्च सुरू झालं, तेही भाड्यानं घेतलेल्या सिनेमा थिएटरमध्ये, थिएटरच्याच नावावर. सुरू करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन विचारलं की तुम्ही चर्चला का येत नाही. लोक म्हणाले कंटाळा येतो, पैसे मागतात, आमच्या जगण्याशी संबंध वाटत नाही. मग त्या उत्तरांवरून उपासना बेतली. नाटुकलं, बँड, छोटा आणि उपयोगी उपदेश. बाहेरच्या, अजून विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला बरं वाटावं अशी सगळी मांडणी. जगभरातल्या हजारो पाळकांनी याचा धडा गिरवला. आणि २००७ मध्ये त्याच चर्चनं आपल्याच लोकांचा सर्व्हे करून छापलं की कार्यक्रमांना भरपूर हजेरी लावल्यानं माणसं विश्वासात वाढतातच असं दिसत नाही. स्वतःच्या पद्धतीबद्दल एवढं उघड बोलायला धैर्य लागतं आणि त्याबद्दल मी त्यांना मान देते. पण तोपर्यंत पद्धत जगभर गेली होती, आणि तो सर्व्हे काही तिच्यामागून तेवढ्या वेगानं गेला नाही.

तिकडं सिडनीत १९८३ मध्ये एक चर्च सुरू झालं होतं. त्याच्या संगीताचं नाव हिलसाँग, आणि ते संगीत इतकं गाजलं की पुढे चर्चनं स्वतःचं नाव बदलून तेच घेतलं. म्हणजे चर्चची ओळख संगीताला मिळाली नाही, संगीताची ओळख चर्चला मिळाली. मला वाटतं सगळ्या गोष्टीचं मर्म या एका बदलात आहे.

गाणी मिरजेपर्यंत पोचतात कशी

हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाण्यावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. पडद्यावर शब्द दाखवायचे, कागदावर छापायचे तर परवानगी लागते. पाश्चात्त्य देशांत हजारो चर्चनी प्रत्येक गाण्यासाठी वेगळी परवानगी काढत बसणं अवघड, म्हणून १९८८ मध्ये सीसीएलआय नावाची संस्था अमेरिकेत सुरू झाली. चर्चनं वर्षाची फी भरायची, संस्थेच्या यादीतली गाणी वापरायची, कुठली वापरली ते कळवायचं, आणि त्या हिशोबानं गीतकार आणि प्रकाशकांना रॉयल्टी म्हणजे वापराचे पैसे मिळतात. लिहिणाऱ्याला पैसे मिळावेत यात काहीच गैर नाही. पण याचा एक परिणाम असा की आता 'सगळ्यात जास्त गायली जाणारी गाणी' अशी क्रमवारी तयार होते, सिनेमाच्या गाण्यांची असते तशी, आणि मग तरुण गायकांचे गट त्या यादीच्या वरच्या भागातूनच गाणी उचलतात, त्यामुळे ती आणखी वर जातात.

काही संशोधकांनी २०१० ते २०२० या काळात या यादीत अगदी वर पोचलेली ३८ गाणी तपासली. त्यातल्या ३६ गाण्यांचा संबंध फक्त चार मोठ्या चर्चशी होता. सिडनीचं हिलसाँग, कॅलिफोर्नियात रेडिंगचं बेथेल, नॉर्थ कॅरोलिनातलं एलिव्हेशन आणि अटलांटाचं पॅशन. चार! जगातल्या कोट्यवधी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी रविवारी काय असावं हे ठरवणारी चार चर्च, आणि त्यातली बहुतेकांची शिकवण आपल्या जुन्या मंडळ्यांच्या शिकवणीपेक्षा बरीच वेगळी.

तिथून ते यूट्यूबवर येतं, मुंबई, दिल्लीत त्याचं हिंदी होतं, मग कुणीतरी मराठी करतं, आणि सहा महिन्यांत इस्लामपूरच्या एखाद्या हॉलमध्ये दहावीतली मुलगी ते डोळे मिटून गाते. तिला विचारलं हे कुणी लिहिलंय, ते चर्च काय शिकवतं, तर तिला माहीत नसतं आणि तिला दोष देण्यात अर्थही नाही, कारण तिच्या पाळकांनाही माहीत नसतं.

आता संगीताची रचना. गाणं खालच्या पट्टीत, हळू सुरू होतं. मग धृपद. मग मधला एक तुकडा येतो, एकदोन ओळींचा, तो सात-आठ वेळा म्हणायचा, दर वेळी आवाज चढवत, ड्रम वाढवत, आणि मग एकदम सगळं थांबवून फक्त माणसांचा आवाज. याच्याखाली सगळा वेळ एक लांबवलेला सूर चालू असतो, त्याला पॅड म्हणतात, कीबोर्डवरून किंवा लॅपटॉपवरून सोडतात. मिरजेच्या माणसाला हे समजवायला सोपं आहे, कारण आपल्या गावातल्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा गवयाच्या मागं जे काम करतो तेच काम पॅड करतो. फरक एवढाच की तंबोऱ्यावर गवयाला स्वतःचा राग उभा करावा लागतो आणि गाणं संपलं की तंबोराही खाली ठेवतात. पॅड मात्र पास्टर प्रार्थना करताना चालू, साक्ष देताना, म्हणजे कुणी आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, चालू, दान मागतानाही चालू. उपासनेत शांतता म्हणून उरतच नाही. आणि डोळ्यांत पाणी आलं की माणसाला वाटतं पवित्र आत्मा उतरला. कधी उतरलाही असेल, देवाला मी मर्यादा घालत नाही. पण तेच सूर, तोच चढ, तोच काळोख कुठल्याही कॉन्सर्टमध्ये तेच पाणी काढतो, आणि हे पोरांना कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

गाण्यांतून काय गेलं

माझी खरी तक्रार ड्रमबद्दल नाहीच. माझी तक्रार आहे ती गाण्यांतून गेलेल्या रडण्याबद्दल.

बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत, ती इस्राएल लोकांची गाण्याची वही होती असं म्हणायला हरकत नाही. त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती वेळ? तू मला विसरलास का? माझे शत्रू हसतायत, माझी हाडं खिळखिळी झालीत, तू कुठं आहेस? बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, पण ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्यात शेवटी कुणी येऊन सावरत नाही, आणि तरीही देवानं ते आपल्या ग्रंथात ठेवलं. वधस्तंभावर येशूनं जे उच्चारलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. देवाच्या पुत्राला मरताना विलापाचं गाणं पाठ होतं.

आता नव्या गाण्यांची कुठलीही यादी घ्या. विजय, सामर्थ्य, मोकळीक, साखळ्या तुटल्या, डोंगर हलला, तू माझ्यावर किती प्रेम करतोस. शब्द खोटे नाहीत. पण रोज तेच आणि फक्त तेच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५० फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. जनावरं गेली, दुकानं गेली, वह्या-पुस्तकं, रेशनकार्ड, सगळं चिखलात. त्यानंतर एका नव्या पद्धतीच्या सभेला मी नात्यातल्या एका घराबरोबर गेले होते, त्यांच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. तिथं त्या दिवशीही विजयाचीच गाणी झाली, उड्या मारून. त्या घरातली वहिनी सगळा वेळ खाली मान घालून उभी होती, तिला गाता येत नव्हतं, आणि बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडतोय बहुतेक." विश्वास कमी पडत नव्हता. तिला गायला गाणंच दिलेलं नव्हतं. मी घरी येऊन तिला ६९ वं स्तोत्र वाचून दाखवलं, त्याची सुरुवातच अशी आहे की देवा मला वाचव, पाणी माझ्या गळ्याशी आलं आहे, मी खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं सांगलीच्या वहिनीसाठी लिहून ठेवल्यासारखं! ती तेव्हा रडली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१९ च्याच डिसेंबरात त्या रेडिंगच्या बेथेल चर्चमधल्या एका गायिकेची दोन वर्षांची लेक झोपेत गेली. चर्चनं जगभरातल्या लोकांना आवाहन केलं की ती पुन्हा जिवंत व्हावी म्हणून प्रार्थना करा, आणि कितीतरी दिवस ते गात राहिले. ती परत आली नाही, मग त्यांनी तिला निरोप दिला. त्या आईवर मी एक अक्षर बोलणार नाही, लेकरू गेलेल्या आईनं देवाकडे काहीही मागावं. देव मेलेल्यांना उठवू शकतो हे मीही मानते. पण जिथं प्रत्येक गाण्याचा शेवट विजयातच व्हायला पाहिजे तिथं मरणासमोर नुसतं उभं राहून रडायची परवानगी माणसाला कोण देणार?

'दावा करा, मिळेल' हे काय प्रकरण आहे

या गाण्यांच्या मागं एक शिकवण आहे, तिला समृद्धीची सुवार्ता म्हणतात. थोडक्यात सांगायचं तर, देवाची इच्छा आहे की त्याच्या लेकरांनी निरोगी आणि श्रीमंत असावं, तुम्ही विश्वासानं तोंडानं कबूल करा, दावा करा, की ते तुमचंच. मिळालं नाही तर विश्वासात खोट. ई. डब्ल्यू. केनयन (१८६७ ते १९४८) यांच्या लिखाणातून याचं मूळ निघतं, केनेथ हेगिन (१९१७ ते २००३) यांनी ओक्लाहोमातल्या टल्सामधून ते पसरवलं, आणि ओरल रॉबर्ट्स यांनी टीव्हीवरून 'बी पेरा' ही कल्पना घराघरात नेली, म्हणजे सेवकाला पैसे द्या, ते बी, देव पीक देईल. दान देणं आणि बी पेरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दान देणारा परत मिळायची वाट बघत नाही. आमच्याकडं ऊस बिलाचे पैसे थकलेल्या शेतकऱ्याला, बचत गटाचा हप्ता डोक्यावर असलेल्या बाईला "आधी तू पेर" असं सांगितलं जातं, आणि मी हे पाप मानते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

या शिकवणीचं लाडकं वचन म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, वाईटाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे. कपावर, भिंतीवर, स्टेटसवर, दहावीच्या निकालाच्या दिवशी तर हमखास. आता त्याच्या आधीचं वचन वाचा. हे पत्र आहे, बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं, आणि दहाव्या वचनात म्हटलंय की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परत जायला मिळणारच नव्हतं, ते तिथंच मरणार होते, आशा होती ती नातवंडांसाठी. म्हणून यिर्मया सांगतो घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, त्यानं सांगितलं होतं की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. त्याच्या तोंडच्या गोष्टीला देवानं खोटं ठरवलं.

आजारपणाचं तसंच. बरं होणं ही प्रत्येक वेळी देवाची इच्छा असतेच, असं बेथेलचे बिल जॉन्सन उघड शिकवतात. मग पौलाचं काय करायचं? तो आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की आपल्या सोबतच्या त्रफिमाला मी मिलेत गावात आजारी ठेवून आलोय. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीन वेळा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. पोटाच्या त्रासासाठी तीमथ्याला तो घरगुती औषध सांगतो. एवढा मोठा प्रेषित, त्यानं दावा का केला नाही?

मिरजेत बसून तर ही शिकवण मला सहनच होत नाही. या गावात ख्रिस्ती विश्वासाची ओळखच दवाखान्यानं झाली, गावोगावचे रुग्ण रेल्वेनं इथं यायचे, क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीला सॅनेटोरियम होतं, कुष्ठरोग्यांसाठी वेगळं हॉस्पिटल. प्रार्थनाही व्हायची आणि ऑपरेशनही व्हायचं, एकानं दुसऱ्याला खोटं पाडलं नाही. आणि त्याच गावात माझ्या ओळखीच्या एका बाईंना एका चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे करण्यासाठी भरवलेल्या सभेत, सांगितलं गेलं की इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी बंद केलं. आयसीयूत नेऊन कसंबसं वाचवलं. ज्यानं सांगितलं तो तोपर्यंत पुढच्या गावाला गेला होता. तुमच्या घरात कुणाला असं सांगितलं गेलं असेल तर हात जोडून सांगते, गोळ्या चालू ठेवा, प्रार्थनाही चालू ठेवा, आणि औषध थांबवायचं की नाही हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि ते सेलिब्रिटी?

यावर जास्त शब्द घालवायची गरज नाही. अमेरिकेत २०१० नंतरच्या काळात मोठे गायक आणि खेळाडू न्यूयॉर्कच्या हिलसाँगला जायला लागले, त्यांचे फोटो फिरले, तिथले पाळक कार्ल लेंट्झ स्वतःच सेलिब्रिटी झाले आणि २०२० मध्ये त्यांना काढून टाकावं लागलं. कुणी नटानं गळ्यात क्रूस घातला की आपली पोरं खूश होतात, "बघ, तो पण ख्रिस्ती आहे". अरे, क्रूस हे माणसाला हाल करून मारायचं साधन होतं. आमच्याकडचे तरुण पास्टर आता उपदेशाच्या तीस सेकंदांच्या रील करतात, खाली म्युझिक, वर मोठी अक्षरं, आणि तीस सेकंदांत पश्चात्ताप बसत नाही म्हणून पश्चात्तापच गळतो. उरतं काय, तर तू खास आहेस, स्वप्न बघ, थांबू नकोस. हे कुठल्याही मोटिव्हेशनल स्पीकरकडं फुकट मिळतं, त्यासाठी ख्रिस्तानं मरायची गरज नव्हती.

"पण टिळकांनीही नवंच आणलं होतं ना?"

हो, आणि हा आक्षेप अगदी योग्य आहे. भजन, कीर्तन, टाळ हे सगळं चर्चमध्ये चालेल का यावरही त्या काळी लोकांना शंका होत्याच. ऑर्गनसुद्धा काही कृष्णाकाठचा नाही. मग मी कशाच्या जोरावर बोलते?

फरक नव्या-जुन्याचा नाही. टिळकांनी गाणं इथल्या माणसाच्या तोंडी बसवलं, इथल्या दुष्काळात, इथल्या प्लेगच्या काळात, इथल्या भक्तिपरंपरेतून. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसानं ख्रिस्ताचं चरित्र ओवीत मराठीत छापलं होतं. म्हणजे परका माणूस आपल्या छंदात शिरला. आत्ता उलट चाललंय, आपली मंडळी दुसऱ्याच्या छंदात शिरतायत आणि त्यालाच पुढं जाणं समजतायत. उद्या एखाद्या कवठेमहांकाळच्या पोरानं गिटारवर दुष्काळाचं विलापगीत लिहिलं तर मी पहिल्या बाकावर बसून गाईन.

"मग भावना नकोतच का?"

पाहिजेत की. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, मुली ढसाढसा रडल्या, रात्र रात्र मोठ्यानं प्रार्थना केल्या, बघणारे घाबरले. त्यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. पण त्या कशासाठी रडत होत्या? स्वतःच्या पापासाठी. आणि रडून झाल्यावर पुन्हा त्या कामाला लागल्या, दळण, विणकाम, छापखाना, आजाऱ्यांची सेवा. भावना खरी का खोटी हे मी रविवारी दहा वाजता बघत नाही, मी सोमवारी बघते. सासूशी, कामवालीशी, उसनवारी असलेल्या माणसाशी तो कसा वागतो ते.

"गर्दी तर त्यांच्याकडेच वाढतेय"

वाढतेय, नाकारत नाही. आमच्या जुन्या मंडळीत पुढचे बाक रिकामे असतात आणि यात आमचाही आळस आहे, उपदेश वाचून दाखवायचा, भजन रडतखडत म्हणायचं, नवीन माणूस आला तर त्याच्याशी बोलायचं नाही, कमिटीची भांडणं आणि मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षं. नव्या चर्चमधली मुलं निदान दारात उभी राहून हसून हात मिळवतात, मला त्यांच्याकडून ते शिकायचंय.

पण गर्दी हा पुरावा नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूनं पाच हजारांना जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत आले, मग त्यानं कठीण गोष्टी सांगितल्या आणि अध्याय संपेपर्यंत पुष्कळ जण निघून गेले. त्यानं बँड बोलावला नाही. तो आपल्या बारा शिष्यांकडे वळला आणि विचारलं, तुम्हीही जाणार का?

"मग तुम्ही काय करणार? पोरं तर जाणारच"

नुसती तक्रार करून पोरं थांबणार नाहीत हे मला माहीत आहे. माझ्या संडे स्कूलच्या वर्गात मी आता मोठ्या मुलांना कुठलंही नवं गाणं बंद कर म्हणत नाही. तीन गोष्टी विचारायला लावते. हे गाणं कुणी लिहिलं आणि ते काय शिकवतात? यातला 'मी' किती वेळा येतो आणि ख्रिस्ताचं मरण किती वेळा? आणि हे गाणं आयसीयूच्या बाहेर, मयताच्या घरी म्हणता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग एकदम गंभीर होतो. काही नवी गाणी या परीक्षेत पास होतात, ती आम्ही म्हणतो. आमची काही जुनी भाषांतरित गीतं नापास होतात, तीही मुलांनी मला तोंडावर सांगितली.

दर महिन्याच्या एका उपासनेत एक विलापस्तोत्र मोठ्यानं वाचायचं आणि त्यानंतर दोन मिनिटं कुणी काही वाजवायचं नाही, असं मी वडीलमंडळाला सुचवलं, ते त्यांनी मान्य केलंय. आणि पेटी वाजवणारे आमच्याकडे आता एकच काका उरलेत, त्यांचे हात थरथरतात, तर मंडळीच्या पैशातून पुढच्या पिढीतल्या चार-पाच पोरांना पेटी आणि तबला शिकवायचा असं बोलणं चाललंय. शिकवणारे मिरजेत कमी नाहीत, ख्रिस्ती असले पाहिजेत असंही नाही, फक्त शनिवारी संध्याकाळी तासभर यायला पाहिजे.